पहिल्या शर्यतीत जोर किती लावायचा?

दिवाळी उलटली आणि पहाटेचा गारवा अंगाला जाणवू लागला, की खान्देशात धावण्याचा मोसम सुरू होतो. जळगावात मेहरूण तलावाच्या काठाने आणि धुळ्यात नकाणे तलावाच्या बाजूला अंधार असतानाच माणसं पळायला बाहेर पडतात. ‘जळगाव रनर्स ग्रुप’ची ‘खान्देश रन’ आणि धुळ्याची ‘धुळे मॅरेथॉन’ यांच्यामुळे शाळा सुटल्यापासून कधी शर्यतीत न उतरलेले शिक्षक, व्यापारी, गृहिणी, बँकेतले कर्मचारी आता छातीवर नंबर लावून उभे राहू लागले आहेत. नाव नोंदवताना टी-शर्टचं माप, मेडल, वेळ यांची चौकशी होते. आदल्या रात्री मात्र एकच प्रश्न झोप उडवतो : उद्या किती जोर लावायचा?

या प्रश्नाला ओळखीपाळखीच्या लोकांकडून दोन उत्तरं मिळतात. एक, ‘जीव तोडून पळ, बघू काय होतं ते.’ दुसरं, ‘पहिलीच आहे, नुसती मजा कर.’ पहिलं उत्तर ऐकणारा अर्ध्या वाटेत चालायला लागतो आणि धावणं आपल्याला जमणारच नाही, असं ठरवून घरी जातो. दुसरं ऐकणारा हसत परततो, पण आपल्या अंगात किती दम आहे हे त्याला कळत नाही. पहिल्या शर्यतीत जोर लावावा, जरूर लावावा. फक्त तो अंतराच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात लावावा. आधीचे दोन हिस्से त्या शेवटच्या हिश्शाची तयारी म्हणून धावावेत. ही एक गोष्ट पाळली तर पहिली शर्यत आनंदाचीही होते आणि शिकवणारीही.

सुरुवातीला शरीर का फसवतं?

शर्यत सुटल्यावर पहिला किलोमीटर जवळजवळ सगळ्यांचाच ठरवल्यापेक्षा वेगात जातो. त्याला कारणं आहेत. गर्दी, ढोल-ताशे, माईकवरची घोषणा यांनी अंगात उत्तेजना चढलेली असते. शर्यतीआधीचे दोन-चार दिवस विश्रांती मिळाल्याने पाय ताजे असतात. हवा गार असते. त्यात रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणी ‘पय रे भाऊ, पय!’ म्हणून ओरडलं की पाय आपोआप उचलले जातात.

याहून मोठं कारण शरीराच्या कामकाजात आहे. वेग वाढला की स्नायूंना लागणारा प्राणवायू लगेच वाढतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या पातळीला पोहोचायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढ्या काळात शरीर दुसऱ्या मार्गाने ऊर्जा काढून वेळ भागवतं. म्हणून झेपणार नाही असा वेगही पहिल्या दोन मिनिटांत अगदी सोपा वाटतो. धाप लागते ती नंतर, आणि तोवर स्नायूंमधली आम्लता वाढलेली असते. मग वेग कमी केला तरी श्वास लवकर जागेवर येत नाही. सुरुवातीला मिळवलेल्या अर्ध्या मिनिटाच्या बदल्यात शेवटी चार-पाच मिनिटं जातात.

साठ्याचाही हिशेब आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ५०० ग्रॅमच्या आसपास साखर साठवलेली असते. जोरात धावताना ती दीड ते दोन तासांत बरीचशी संपते. ५ किमी धावणाऱ्याला याची काळजी नको. २१ किमीला पहिल्यांदा उतरणारा माणूस मात्र दोन-अडीच तास रस्त्यावर असतो. वेग जितका जास्त, तितकी चरबीच्या तुलनेत ही साखर अधिक जळते. पहिले सात किलोमीटर जोरात काढणाऱ्याचे पाय सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला जड होतात, त्याचं हेही एक कारण असतं.

पाटाने पाणी सोडलं तर विहीर लवकर उपसते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो, ठिबकने तेच पाणी शेवटच्या झाडापर्यंत पुरतं, हे जळगावच्या केळीवाल्याला सांगावं लागत नाही. दमाचंही तसंच आहे.

मोठे धावपटू काय करतात?

जगातले विक्रम पाहिले तर हाच धडा दिसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये व्हॅलेन्सियात युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने १०,००० मीटरचा विश्वविक्रम केला, २६ मिनिटं ११ सेकंद. त्यातले पहिले पाच किलोमीटर १३ मिनिटं ७ सेकंदांत झाले आणि पुढचे पाच १३ मिनिटं ३ सेकंदांत. २०२३ मध्ये शिकागोला केनियाच्या केल्व्हिन किप्टमने मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली. पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंद, दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंद. दोघांचाही दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा जलद आहे.

आपल्या महाराष्ट्रातलंही एक उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांची वेळ देत रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक त्याच्या हातून अवघ्या पाच शतांश सेकंदांनी गेलं. शेवटच्या टप्प्यात केनियाच्या धावपटूला गाठायला निघालेला साबळे ज्यांनी पाहिला, त्यांना शेवटासाठी दम राखून ठेवणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही. या धावपटूंचा वेग आपल्या आवाक्यातला नाही, पण दम वाटून घेण्याची पद्धत आपण उचलू शकतो.

जोर मोजायचा कशाने?

घड्याळ हाताशी असलं तरी पहिल्या शर्यतीत मुख्य माप श्वासाचं ठेवा. उंच इमारतींच्या मधून जाताना जीपीएस घड्याळातला चालू वेग उगाच खालीवर होतो, आणि २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल नाडी व्यक्तिगणिक बरीच चुकू शकते. श्वास मात्र त्या दिवसाची झोप, हवा आणि चढ हे सगळं धरूनच सांगतो.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी माणसाला स्वतःला जाणवणारा श्रम आकड्यात सांगायची पद्धत तयार केली. तिचं ० ते १० हे रूप आपल्या कामाचं आहे. शून्य म्हणजे बसून राहणं, दहा म्हणजे याच्यापुढे एक पाऊलही शक्य नाही अशी अवस्था. तिला बोलण्याची जोड द्या, म्हणजे धावता धावता अंदाज घेता येतो :

- ५ ते ६ : स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका एका दमात सांगता येतो. शेजारच्याशी थोडं बोलता येतं.
- ७ : पूर्ण नाव सांगता येतं, पण गावाआधी श्वास घ्यावा लागतो.
- ८ : फक्त पहिलं नाव निघतं. बोलावंसं वाटत नाही.
- ९ : ‘हो’, ‘नाही’ एवढंच. हे काही मिनिटंच टिकतं.

पहिल्या शर्यतीत दहापर्यंत जाऊ नका. नऊ फक्त शेवटच्या काही शे मीटरसाठी ठेवा.

ही ओळख शर्यतीच्या दिवशी करून घेता येत नाही. सरावात आठवड्यातून एकदा मुद्दाम आकडा ठरवून धावा : दहा मिनिटं सहावर, पाच मिनिटं सातवर, दोन मिनिटं आठवर. तीन-चार आठवड्यांत फरक अंगाला कळू लागतो.

आपला वेग आधी काढून ठेवा

शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी सपाट जागी ३ किमी मोजून, दमदार पण सारख्या वेगाने धावा आणि वेळ लिहून ठेवा. त्यावरून मोठ्या अंतराचा अंदाज काढायचं एक जुनं सूत्र आहे. अमेरिकेतले अभियंते पीट रीगल यांनी ते १९७७ मध्ये मांडलं. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८ पट होते, कारण लांब अंतरावर वेग थोडा पडतोच.

समजा तुमचे ३ किमी २० मिनिटांत झाले, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद. या सूत्राने ५ किमीला साधारण ३४ मिनिटं २० सेकंद आणि १० किमीला ७१ मिनिटं ४० सेकंद येतात. हा अंदाज त्या अंतराचा पुरेसा सराव झाला आहे असं धरून आहे. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने ५ किमीसाठी एक-दोन मिनिटं आणि १० किमीसाठी तीन-चार मिनिटं वाढवून धरावीत.

सराव किती हवा? १० किमीसाठी आधी किमान एकदा ७-८ किमी आणि २१ किमीसाठी १६-१७ किमी न थांबता, आरामात धावलेले असावेत. तेवढं झालं नसेल तर छोट्या गटात नाव बदलून घ्या. तयारी नसलेलं २१ करण्यापेक्षा नीट धावलेले ५ किमी जास्त शिकवतात.

अंतर तीन हिश्शांत वाटा

५ किमी. पहिले दीड किलोमीटर सहावर. इतरांनी मागे टाकलं तरी चालेल. पुढचे दोन किलोमीटर सातवर. उरलेल्या दीड किलोमीटरमध्ये आठवर या आणि शेवटचे दोनशे-तीनशे मीटर उरले की जे शिल्लक आहे ते द्या. या अंतरात सगळ्यात कठीण असतो चौथा किलोमीटर. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवटची कमान अजून दिसत नसते. तिथे वेग टिकवला की शर्यत जमली.

१० किमी. तीन, चार, तीन असे हिस्से करा. ७० मिनिटांचं लक्ष्य असेल तर पहिले तीन किलोमीटर ७ मिनिटं १० सेकंदांच्या गतीने, मधले चार ७ मिनिटांच्या आणि शेवटचे तीन ६ मिनिटं ५० सेकंदांच्या. बेरीज बरोबर ७० मिनिटं होते. श्वासाच्या भाषेत ते सहा, सात, आठ. सातव्या किलोमीटरला स्वतःला विचारा : ‘याच वेगाने अजून तीन जमतील?’ उत्तर ‘सहज’ आलं तर थोडा जोर वाढवा. ‘कष्टाने’ आलं तर आहे तोच वेग धरा, तोच तुमचा जोर आहे. ‘नाही’ आलं तर वेग लगेच थोडा कमी करा. वेळेवर सोडलेले दहा सेकंद पुढचं चालणं वाचवतात.

२१ किमी. अर्ध मॅरेथॉनचं पूर्ण अंतर २१.०९७५ किमी. सात-सात-सात असे भाग करा. पहिले सात पाचवर, इतके सावकाश की स्वतःचीच चिडचिड व्हावी. मधले सात सहावर. शेवटच्या सातात सात ते आठ. या अंतरात ठरवून चालण्यात कमीपणा नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी धावणं आणि चालणं आलटून पालटून करायची पद्धत नवख्यांना शिकवली आणि ती जगभर रुजली. अट एकच : दमल्यावर चालायचं असं नाही, तर पहिल्यापासून ठरल्याप्रमाणे, उदाहरणार्थ आठ मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं.

भरतीच्या मैदानावरून आलेल्यांसाठी

जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पहाटे दिसणारी बरीच मुलं-मुली पोलिस किंवा सैन्य भरतीच्या तयारीतली असतात. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. तिथे सेकंदासेकंदाला गुण आहेत, म्हणून सुरुवातीपासून आठ-नऊचा जोर लावायची सवय पायात बसते. तीच सवय १० किमीला घेऊन आलात तर दोन किलोमीटरपर्यंत पुढे राहाल आणि पाचव्याला पन्नाशीचे काका शांतपणे ओलांडून जातील.

तुमच्याकडे वेग आहे, तो राखून ठेवायला शिका. पहिले तीन किलोमीटर एखाद्या पेसरच्या, म्हणजे ठरलेल्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणाऱ्या धावपटूच्या, मागे राहा, त्याच्या पुढे जायचंच नाही असं ठरवून. तुमचं १६०० मीटरचं बळ शेवटच्या १६०० मीटरला वापरा. तिथे तुम्हाला कुणी गाठणार नाही. भरतीची तारीख पंधरा दिवसांवर असेल तर मात्र १० किंवा २१ किमीची शर्यत पूर्ण ताकदीने धावू नका. सरावापुरती धावा किंवा सोडून द्या.

इथली हवा, इथलं जेवण

खान्देशातली हिवाळी सकाळ दोन ऋतू दाखवते. सुरुवातीला कुडकुडायला होतं आणि साडेआठ-नऊला ऊन पाठीला लागतं. ऊन वाढलं की तोच वेग ठेवायलाही हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, कारण रक्त त्वचेकडे वळवून शरीर थंड ठेवायचं असतं. म्हणून २१ किमीच्या शेवटच्या हिश्शात घड्याळाकडे न बघता श्वासाचा आकडा पाळा. सुरुवातीच्या थंडीसाठी जाड जर्किन घालून धावू नका. धावायला लागल्यावर दहा मिनिटांत गरम होतं. थांबलेले असताना जुना शर्ट अंगावर ठेवा आणि सुटण्याआधी घरच्यांकडे द्या.

शर्यतीचा मोसम आणि भरताचा मोसम एकच, ही आपली अडचण. शेतावरचं भरीत, कळण्याची भाकरी, झणझणीत शेवभाजी, तुपात बुडवलेली बट्टी हे सगळं शर्यतीनंतर. आदल्या रात्री वरण-भात, पोळी, सौम्य भाजी, तेही लवकर. पहाटे दीड तास आधी एक-दोन केळी किंवा गूळ-पोळी पुरते. शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ, नवे बूट, नवे मोजे नकोत.

पाणी ५ किमीला वाटेत लागतंच असं नाही. १० किमीला दोन-तीनदा दोन-दोन घोट, २१ किमीला दर ठिकाणी थोडं आणि अधूनमधून ओआरएस. पिताना पाच-दहा पावलं चाला. तहान नसताना पेल्यावर पेले रिचवणंही धोक्याचं आहे, त्याने रक्तातलं सोडियम घटतं.

चढ असेल तर चढावर वेग सोडा, श्वासाचा आकडा सोडू नका. उतारावर मोकळं उतरा, पण लांब ढांगा टाकून गुडघ्यांना मार देऊ नका. चढाचा सराव बांभोरीच्या विद्यापीठ परिसरासारख्या कमी वर्दळीच्या जागी करा. लळिंगच्या बाजूला चढ चांगला असला तरी महामार्गाच्या कडेने अंधारात धावणं जिवावरचं आहे, ते टाळाच.

सुरुवातीच्या रेषेवर

पुढच्या रांगेत उभं राहू नका, मध्ये किंवा मागे राहा. नंबरावर चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते, मागे उभं राहून काही गमावत नाही. पेसरच्या मागे जायचं असेल तर आपल्या लक्ष्यापेक्षा एक पायरी संथ पेसर निवडा. शेवटच्या हिश्शात त्याला मागे टाकता येतं. आपल्यासोबतचा मित्र पुढे गेला तर जाऊ द्या. त्याचा वेग त्याच्यापाशी.

त्रास आणि धोका यांतला फरक

शेवटच्या हिश्शात दोन्ही मांड्या भरून येणं, श्वास जोरात चालणं, ‘आता पुरे’ असं मनात येणं हा जोर लावण्याचा भाग आहे. तो सोसता येतो. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, पूर्ण उच्छ्वास सोडत राहा. ती बहुतेक वेळा जाते.

पण काही खुणा दिसल्या की त्या क्षणी थांबायचं : छातीत दुखणं किंवा दाब, दुखणं हाताकडे वा जबड्याकडे जाणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, एकाएकी थंड घाम, ठोके चुकल्यासारखे वाटणं, ऊन असून घाम बंद होणं, काय चाललंय ते न समजणं. जवळच्या स्वयंसेवकाला सांगा, १०८ ला फोन करायला लावा. एकाच पायात एकाच जागी टोचणारी, चाल बिघडवणारी कळ असेल तरीही थांबा.

वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आदल्या दोन-तीन दिवसांत ताप आला असेल तर नंबर घरीच ठेवा. असल्या वेळी जोर किती लावावा याचं उत्तर शून्य आहे.

शर्यत संपल्यावर

रेषा ओलांडून लगेच खाली बसू नका, पायांत रक्त साचून चक्कर येते. दहा मिनिटं चाला, मग पोहे खा, फोटो काढा. १० किमीनंतर तीन-चार दिवस आणि २१ नंतर दहा-बारा दिवस जोराचं धावणं नको.

आणि त्याच दिवशी एक काम करा. पहिल्या अर्ध्या भागाची आणि दुसऱ्या अर्ध्या भागाची वेळ वहीत शेजारी शेजारी लिहा. दोन्ही सारख्या असतील किंवा दुसरी थोडी कमी असेल तर तुमचा अंदाज अचूक होता. दुसरा अर्धा बराच लांबला असेल तर पुढच्या वेळी सुरुवात किलोमीटरला दहा-पंधरा सेकंदांनी संथ करा. रेषेवर पोहोचल्यावर अजून एक किलोमीटर याच वेगाने गेलो असतो असं वाटलं असेल, तर पुढच्या वेळी दोन्ही अर्ध्या भागांत किलोमीटरला पाच सेकंद वेगाने धावा.

पहिल्या शर्यतीतला तुमचा नंबर कितवा आला हे वर्षभरात कुणाला आठवणार नाही. पण वहीतल्या त्या दोन आकड्यांवर दुसरी शर्यत उभी राहते, आणि दुसरीवर तिसरी. म्हणून सुरुवातीला मन आवरा आणि शेवटी मनापासून जोर लावा. पहिल्याच शर्यतीत हे जमलं, तर पुढची कितीही वर्षं तुम्ही आनंदाने धावू शकाल.